टर्बो गाडी रेषेवरून कशी उठवावी

ड्रॅगला नवा आलेला गडी लगेच ओळखू येतो. हिरवा दिवा लागला की त्याची गाडी जागच्या जागी किंचाळते, पुढच्या चाकांखालून धूर निघतो, कठड्यामागची पोरं शिट्ट्या मारतात, आणि तेवढ्यात शेजारच्या लेनमधली गाडी काही आवाज न करता पुढे निघून गेलेली असते. मग हा गडी गॅरेजवाल्याला गाठून म्हणतो, ‘आणखी थोडी पॉवर काढून दे.’ पॉवर त्याच्याकडे आधीच जास्त होती. रस्त्यावरच्या टायरवर टर्बो गाडी उठवताना चुकतं ते दोनच ठिकाणी: टायर किती झेलू शकतो याचा अंदाज, आणि बूस्ट नेमका कधी येणार याचा. खालची सगळी कृती या दोन गोष्टींभोवती आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी धरू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. स्कोडा स्लाव्हिया, १.५ टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही १६०० आरपीएमपासून. पुढची चाकं ओढणारी, टायर २०५/५५ आर १६. जागाही आपल्याकडचीच धरू: लोणावळ्याच्या पलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी, जिथं ‘व्हॅली रन’ या नावानं पाव मैलाच्या शर्यती भरत आल्या आहेत. परदेशातल्या पक्क्या ड्रॅग स्ट्रिपवर सुरुवातीच्या पट्ट्यावर चिकट द्रव फवारून रबराचा थर बसवलेला असतो. तिथं उभं राहिलं तर बुटाचा तळ खाली चिकटतो. विमानाच्या धावपट्टीवर तसं काही गृहीत धरू नका. तिथं धूळ असते, बारीक खडी असते, आणि गाडीला जी काही पकड मिळते ती तुमच्या टायरची.

हे सगळं बंद धावपट्टीवर, संयोजकांच्या देखरेखीखालीच करायचं. पहाटेचा रिकामा हायवे ही शर्यतीची जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळी वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजार. शिवाय तुमची विम्याची पॉलिसी उघडून ‘वापराच्या मर्यादा’ वाचा. संयोजित शर्यत आणि वेगचाचणी दोन्ही तिथं वगळलेल्या असतात. म्हणजे धावपट्टीवरसुद्धा गाडीला काही झालं तर खर्च तुमचा. हे माहीत असूनही यायचं असेल तर या.

आधी हिशेब

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. त्यातले पहिले ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर, वेगळे मोजले जातात, कारण गाडी कशी उठली ते तिथं कळतं. ड्रॅगवाल्यांचा जुना ठोकताळा असा की या साठ फुटांत वाचवलेला वेळ शेवटी दीडपट ते दुप्पट होऊन पदरात पडतो. इथं दशांश सेकंद कमावला, तर रननंतर मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवर जवळपास दोन दशांशांपर्यंत फरक दिसतो. तेवढाच फरक पॉवर वाढवून काढायला किती पैसे लागतात ते रीमॅप करणाऱ्याला विचारा.

आता टायर किती झेलतो ते पाहू. चालकासकट गाडी १३५० किलो धरली, त्यातलं साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे ८१० किलो. गाडी जोरात निघाली की नाक वर येतं आणि वजन मागं सरकतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.६५ मीटर धरलं, तर बऱ्यापैकी जोरात निघताना पुढच्या चाकांवरचे सव्वाशे किलो कमी होतात. उरले ६८५. चांगल्या डांबरावर रस्त्याच्या टायरची पकड ०.९ धरली तरी पुढची दोन चाकं मिळून जेमतेम सव्वासहाशे किलोचा जोर जमिनीला देऊ शकतात. आणि इंजिन? पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर १३ च्या आसपास धरलं, तर पूर्ण टॉर्कला चाकाच्या कडेला साडेनऊशे किलोच्या घरात जोर पोचतो. दीडपट. आकडे ढोबळ आहेत, पण तात्पर्य ढोबळ नाही: पहिल्या गिअरमध्ये तुम्हाला इंजिनाचा दोन-तृतीयांशच टॉर्क वापरायचा आहे. बाकीचा धूर होणार.

गाडी मागच्या चाकांची असती तर मागं सरकणारं वजन कामी आलं असतं. पुढच्या चाकांच्या गाडीत ते नेमकं हवं तिथून पळतं. ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यांनी इथूनच पान उलटावं, त्यांची दुखणी वेगळी असतात.

टर्बोमुळे यात आणखी एक मेख बसते. साध्या इंजिनात पाय जितका दाबाल तितका टॉर्क येतो, त्याच क्षणी. टर्बो इंजिनात आत्ता दाबलेल्या पायाचं फळ जरा वेळानं मिळतं. १६०० आरपीएमपासून पूर्ण टॉर्क हे माहितीपत्रकातलं वाक्य खरं आहे, पण ते टर्बो फिरून तयार असताना. रेषेवर उभ्या असलेल्या गाडीत एक्झॉस्टचा जोर नसतो. म्हणून क्लच सोडताना इंजिन मवाळ वाटतं, चालक पाय आणखी खाली दाबतो, क्लच पूर्ण सुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बूस्ट येऊन आदळतो. गाडी दहा मीटर नीट गेली आणि मग चाकं फिरली, असं ज्यांच्या बाबतीत होतं त्यांचं दुखणं हे आहे. ते लोक क्लचला दोष देतात. दोष सेकंदभर आधी दाबलेल्या पायाचा असतो.

घरून निघण्यापूर्वी

टायरचं वय बघा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि त्यावर दशांश सेकंद शोधण्यात अर्थ नाही. नवे घेणार असाल तर ‘ऐंशी हजार किलोमीटर टिकतो’ असा टायर घेऊ नका. जास्त टिकणारं रबर बहुधा कमी धरतं.

अलाइनमेंट करून घ्या. पुढचा टो शून्याजवळ, आणि कॅम्बर कंपनीनं दिलेल्या मर्यादेत जितका सरळ ठेवता येईल तितका. वळणावर चांगली चालावी म्हणून कुणी चाकं वरून आत झुकवून घेतली असतील, तर सरळ रेषेत टायरची आतली कडच जमिनीला लागते.

इंजिन माउंटिंग तपासा, विशेषतः खालचं, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक डॉग बोन म्हणतात. बॉनेट उघडा, कुणाला तरी हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित धरायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन किती डुलतं ते बघा. गाडीच्या समोर उभं राहायचं नाही. माउंटिंगचं रबर चिरलेलं असेल तर रेषेवर चाकं घसरता घसरता उड्या मारू लागतील. याला व्हील हॉप म्हणतात, आणि गिअरबॉक्स नि एक्सेलचं सर्वात जास्त नुकसान करणारी गोष्ट हीच. चाक हवेत मोकळं फिरतं, खाली आपटतं, पकडतं, पुन्हा सुटतं, सेकंदाला अनेक वेळा, आणि तो प्रत्येक दणका एक्सेलच्या जॉइंटवर बसतो. माउंटिंगचा खर्च गिअरबॉक्सच्या मानानं किरकोळ आहे.

डिकी रिकामी करा. पुढच्या चाकांच्या गाडीत मागचं वजन काढणं दुहेरी फायद्याचं, कारण गाडी हलकी होते आणि पुढच्या चाकांचा वाटाही वाढतो. स्टेपनी, जॅक, छत्री, सीटखाली गेल्या वर्षीपासून पडलेली पाण्याची बाटली, सगळं बाहेर. पण स्टेपनी घरी ठेवू नका. घाटातून परत यायचं आहे, ती पॅडॉकमध्ये उतरवून ठेवा. पेट्रोल पाव टाकी पुरे. पंचेचाळीस लिटरची पूर्ण टाकी म्हणजे तेहतीस किलोच्या आसपास वजन, तेही मागच्या सीटखाली.

सोबत न्यायचं सामान: हवा मोजायचं चांगलं गेज, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच, खडू, वही. हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. लायसन्स, फिटनेस वगैरे संयोजक काय मागतात ते आधी विचारून घ्या.

पॅडॉकमध्ये

हवेपासून सुरुवात करा, कारण फुकटातला सर्वात मोठा फरक इथंच मिळतो. टायर थंड असताना पुढची हवा बत्तीस पीएसआयवरून अठ्ठावीसवर आणा. दोन्ही बाजूंना अगदी सारखी. डावीकडे सत्तावीस नि उजवीकडे एकोणतीस असली तर गाडी निघतानाच एका बाजूला ओढेल आणि तुम्ही त्याचं खापर स्टिअरिंगवर फोडाल. मागच्या चाकांत मात्र कंपनीनं पूर्ण भारासाठी सांगितलेली हवा भरा. ती चाकं काही ओढत नाहीत, त्यांनी नुसतं हलकं फिरायचं आहे.

किती कमी करायची याचं उत्तर खडू देतो. पुढच्या टायरच्या नक्षीवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, खडूची जाड रेघ ओढा. गाडी सपाट डांबरावर सरळ रेषेत पंधरा-वीस मीटर हळू न्या आणि उतरून बघा. मधली रेघ पुसली आणि कडांची राहिली, तर हवा अजून जास्त आहे. कडा पुसल्या आणि मधली शाबूत, तर जास्त काढली. सगळी सारखी पुसली की थांबा. हा प्रयोग जुजबी आहे, जोरात निघताना टायर वेगळा बसतो, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. तिथून पुढं प्रत्येक रनला एक पीएसआय खाली-वर करून साठ फुटांचा आकडा बघायचा. सव्वीसच्या खाली फारसं काही मिळत नाही. चोवीसच्या खाली तर जाऊच नका. हीच गाडी शेवटच्या रेषेवर ताशी १३५-१४० किलोमीटरनं असते, आणि मऊ पडलेला टायर त्या वेगात स्टिअरिंग हलवलं की पोहायला लागतो. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागेल, लागू द्या.

टायर फिरून तापले की हवा दोन-तीन पीएसआयनं वाढते. दोन रनच्या मध्ये पुन्हा मोजा. सकाळी आठला लावलेले अठ्ठावीस दुपारी बाराला एकतीस झालेले असतात, आणि मग माणूस म्हणतो, सकाळी बरी निघत होती.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, पण पहिला रन ते चालू ठेवूनच काढा. तो तुमचा पाया. यंत्रणा घसरण दिसली की इंजिनाचा जोर तोडते, आणि टर्बो गाडीत जोर तोडला की बूस्टही पडतो. तो परत यायला वेळ लागतो. म्हणून सरावलेला पाय यंत्रणेपेक्षा पुढे जातो. न सरावलेला जात नाही. बंद करून सलग तीनदा पहिल्या रनपेक्षा मागे राहिलात, तर चालू ठेवून चालवण्यात कमीपणा काही नाही.

रांगेत

गाडी पुढं सरकत असताना इंजिन चालूच राहतं, इंटरकूलर तापतो, आणि तापलेल्या हवेनं टर्बो इंजिन मंदावतं. रांग मोठी असेल तर इंजिन बंद करून गाडी ढकला. एसी बंद. बॉनेट शक्य तितका वेळ उघडं. आधीच लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, तिथली हवा मुंबईपेक्षा विरळ. टर्बो ती उणीव बरीचशी भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त फिरावं लागतं. सकाळचे रन चांगले निघतात ते गार हवेमुळे. अर्थात सकाळी डांबरही गार असतं आणि पकड कमी असते. इंजिनाला गारवा आवडतो, टायरला ऊब. दोन्ही जुळणारा वेळ साधारण ऊन वर चढल्यानंतरचा, दुपार तापण्याआधीचा.

पुढच्या गाड्या कुठून निघतात ते बघत राहा. सकाळभरात दोन काळे पट्टे तयार होतात. तुमची पुढची चाकं त्या पट्ट्यांवर आली पाहिजेत. चार इंच बाजूला उभे राहिलात तर धुळीत आहात.

कुणी सुरुवातीच्या जागेआधी पाणी ओतलेलं असेल तर त्याला वळसा घालून जा. पाण्यातला बर्नआउट गुळगुळीत ड्रॅग टायरसाठी असतो. तुमच्या टायरच्या खाचा पाणी धरून ठेवतात आणि ते थेट रेषेवर आणून टपकवतात, तुमच्या चाकाखाली आणि मागून येणाऱ्याच्याही. कोरड्यावर हँडब्रेक ओढून दोन-तीन सेकंद पुढची चाकं फिरवा, खडे नि धूळ उडेपर्यंत. बस. रस्त्याचं रबर धुरापर्यंत तापवलं की त्याचा वरचा थर तेलकट होतो आणि पकड उलट जाते. धूर फोटोला चांगला दिसतो, एवढंच.

रेषेवर

दोन अदृश्य किरण आडवे असतात. पुढचं चाक पहिल्यात शिरलं की वरचा छोटा दिवा लागतो, त्यानंतर सात इंचांवर दुसरा किरण, दुसरा दिवा. दुसरा दिवा लागताक्षणी थांबा, इंचभरही पुढं नको. घड्याळ सुरू होतं ते चाक हा किरण सोडतं तेव्हा, म्हणजे गाडी फूटभर धावल्यावर. जितकं उथळ उभं राहाल तितकी ही फुकटची धाव मोठी.

आणि हे नीट समजून घ्या: हिरव्या दिव्याला तुम्ही किती उशिरा हललात तो वेळ वेगळा छापला जातो, तो तुमच्या पाव मैलाच्या वेळेत धरत नाहीत. दोघांच्या शर्यतीत तो हरवू शकतो, सरावाच्या दिवशी नाही. म्हणून सरावाच्या दिवशी दिव्याची घाई सोडा. हिरवा लागला, एक श्वास घेतला आणि निघालात तरी चालतं. नव्या माणसाचा निम्मा गोंधळ या एका गोष्टीनं जातो. पुढं स्पर्धेत उतराल तेव्हा तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं लागत असतील, तर तिसरा पिवळा दिसला की निघायचं. गाडी किरणातून बाहेर पडेपर्यंत हिरवा आलेला असतो.

आता पाय. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, स्टिअरिंग सरळ, दोन्ही हात त्यावर. रेस अडीच हजारावर स्थिर धरा. चार हजार नको: मोकळ्या इंजिनाला रेस देऊन टर्बो फारसा फिरत नाही, त्याला ओझं लागतं. जास्त रेसनं मिळतं ते फक्त फ्लायव्हीलमध्ये साठलेलं बळ, आणि ते क्लच सुटताच एका फटक्यात चाकावर येऊन त्याला घसरवतं. दोन हजारही कमीच, मग इंजिन दबतं आणि आपण भलत्या वेळी पाय दाबतो.

क्लच बाइटपर्यंत झटकन आणा, गाडी नाक उचलायला लागेपर्यंत. तिथं पाय थांबवा. सगळी कला या थांबण्यात आहे. पहिल्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमला क्लच पूर्ण सुटलेला असेल तर गाडीचा वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास असायला हवा. आपल्या टायरला झेपेल अशा वेगवाढीनं तिथं पोचायला जवळपास दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात गाडी साडेचार मीटर पुढं जाते. म्हणजे क्लच दीड सेकंद अर्धा घसरत ठेवायचा आहे. ऐकायला फार वाटत नाही. हृदय धडधडत असताना दीड सेकंद पाय अधांतरी धरून बघा.

या दीड सेकंदात काटा अडीच हजारावरच राहिला पाहिजे. पडायला लागला तर क्लच जरा दाबा. चढायला लागला तर क्लच आणखी सोडा. उजवा पाय या वेळात अर्ध्याच्या आसपास, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे स्थिर. आता इंजिनावर ओझं आहे, टर्बो फिरू लागलेला आहे, बूस्ट क्लच घसरत असतानाच येतो आणि क्लच त्याचा फटका गिळतो. जो टॉर्क एरवी दहाव्या मीटरला चाकाला घसरवायचा तो आता तिसऱ्या मीटरपासून हळूहळू हजर असतो.

क्लच पूर्ण सुटला की लगेच पाय खाली नेऊ नका. एक क्षण तसंच, मग अर्ध्यावरून पूर्णापर्यंत सलग सेकंदभरात. गादीवर ठेवलेला पाण्याचा पेला न सांडता हात जसा गादी दाबत नेतो, तसा. टायरचा आवाज ऐका. बारीक ‘चींऽ’ असा सूर चालू राहिला तर तुम्ही बरोबर आहात, कारण टायर सगळ्यात जास्त धरतो तो किंचित घसरत असताना, दहा-पंधरा टक्क्यांच्या घसरणीला. सूर चढून किंकाळी झाली की गेलं. अगदीच मुकी गाडी निघाली तर तुम्ही टायरची पकड वापरली नाही.

चाक सुटलंच, तर पाय पूर्ण उचलू नका. बूस्ट पडेल, गाडी दबेल, परत दाबाल तेव्हा पुन्हा तीच घसरण. पाव भागच मागं घ्या आणि चाकानं पकडेपर्यंत तिथं राहा. फक्त व्हील हॉप सुरू झाला, स्टिअरिंगमध्ये धडधड जाणवली, तर मात्र सगळं सोडा आणि तो रन तिथंच संपवा.

दुसऱ्या गिअरला फार कारागिरी नाही. टर्बो इंजिन लाल रेघेच्या बरंच आधी दमतं, त्यामुळे शेवटच्या शंभर आरपीएमसाठी लोंबकळण्यापेक्षा जरा आधी टाका. पाय न उचलता गिअर टाकायचा पराक्रम कंपनीच्या क्लचवर करू नका. पाय उचला, पण क्षणभरच. दुसऱ्यात क्लच पटकन आणि पूर्ण सोडा, इथं अर्धा धरून उपयोग नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी

सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी असेल, तर ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देण्याचा उद्योग करू नका. बऱ्याच गाड्या दोन्ही पेडल दाबलेली दिसली की इंजिनाचा जोरच तोडतात, आणि जिथं तोडत नाहीत तिथं कोरडा क्लच भाजतो. एस मोड, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, ब्रेक सोडा, गाडी सरकू लागताच पाय तीस-चाळीस टक्क्यांवर, आणि गाडीच्या लांबीइतकं अंतर गेल्यावर पूर्ण. ओल्या क्लचच्या डीएसजीत लाँच कंट्रोल असेल तर पुस्तिकेत लिहिलंय तसंच वापरा. पण तीही गुळगुळीत डांबर धरून चालते, धुळीत तिच्याहून तुमचा पाय बरा. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर तिला ब्रेकवर धरून दोन सेकंद बूस्ट बांधता येतो, पुढची चाकं खेचायला लागेपर्यंत, त्याहून पुढं नाही.

पावती वाचणं

रन झाल्यावर हातात कागद येतो. बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा बघतात. तुम्ही दोन बघा: साठ फुटांचा वेळ आणि शेवटच्या रेषेवरचा वेग. वेग पॉवर सांगतो, साठ फूट पाय सांगतात. समजा एका रनला साठ फूट २.७, पाव मैल १६.९ आणि वेग १३८, दुसऱ्याला २.४, १६.४ आणि १३७. दुसऱ्या रनला गाडी किंचित तापलेली होती तरी अर्धा सेकंद वाचला, तो सगळा सुरुवातीला. उलट साठ फूट तेच राहून वेग पाच-सहा किलोमीटरनं पडला, तर हवेशी नि क्लचशी खेळू नका, इंटरकूलर गार होऊ द्या. या गाडीला रस्त्याच्या टायरवर अडीच सेकंदांचे साठ फूट म्हणजे ठीक, २.३ च्या जवळ गेलात तर त्या दिवशी धावपट्टीनं तुम्हाला साथ दिली.

वहीत रनगणिक लिहा: थंड हवा, गरम हवा, रेस, लेन, ऊन की सावली, चाक कुठं सुटलं. एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा नि रेस दोन्ही बदललीत तर सुधारणा कशामुळे झाली ते देवालाही सांगता येणार नाही. आणि दोन रनच्या मध्ये वेळ सोडा. अर्धा घसरवलेला क्लच प्रचंड तापतो. केबिनमध्ये जळका वास आला तर अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून चहा प्या. वास नसला तरी पेडल नेहमीपेक्षा खाली बाइट करू लागलं तर तो इशारा आहे. रनवरून परत येताना गाडी हळू आणा, लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. टर्बोच्या बेअरिंगभोवतीचं तेल तिथंच भाजायला नको.

दिवसाअखेर निघण्याआधी: पुढची हवा पुन्हा बत्तीस, मागची नेहमीइतकी, कॉम्प्रेसर यासाठीच आणला होता, कारण वाटेत घाटाचा वीसेक किलोमीटरचा रस्ता आहे आणि मऊ टायरवर तो उतरायचा नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचनं तपासा. एक्सेलच्या रबरी बुटांवर बॅटरी मारून बघा, ग्रीस उडालेलं दिसतंय का. स्टेपनी नि जॅक डिकीत परत. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा विझलेला आहे ना, ते बघूनच फाटकातून बाहेर पडा.